पानाची डावी बाजू

चार माणसं एका चुलीभोवती आठ-दहा वर्षं राबली की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कोण ठेवत नाही. परसात कांद्याची सालं साठतात तसेच. मग वारा येतो आणि ती उडून भलत्याच्या अंगणात पडतात. आमचे किस्से आता दुसरेच लोक सांगतात, तेही चुकीचे. म्हणून म्हटलं, आपणच लिहावे. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. शुद्धलेखन बघणाऱ्याने दुसरं काहीतरी वाचावं.

हल्ली नातसून वाटीत हिरवा पाला कापते, वर काहीतरी पांढरं ओतते आणि म्हणते, "आजोबा, सॅलड. दहा मिनिटांत केलं." दहा मिनिटं! आम्हाला एवढा वेळ मिळाला असता तर मधे एक डुलकी काढली असती.

गोष्ट पन्नास-साठच्या सालांतली. मालवणच्या वाटेवर एका तिठ्याशी भागीरथीकाकीची खानावळ होती. काकी विधवा, पन्नाशीची, आवाज असा की विहिरीतलं पाणी हलावं. देवगडहून सावंतवाडीला जाणारी गाडी दुपारी बाराला तिठ्यावर जेवणासाठी थांबायची. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांवर आमची चूल पेटायची. आमच्यामुळे गाडीला उशीर होत राहिला तर थांबा हलवू, असं डेपोवाल्यांनी तोंडावर सांगून ठेवलं होतं. आणि रस्त्यापलीकडे टेबल-खुर्च्या मांडून एक नवा हॉटेलवाला टपून बसलेला. त्याचं नाव आम्ही घेत नसू. 'समोरचो' म्हणायचो. थांबा तिकडे गेला तर काकीला दुसरं काही येत नव्हतं. मला तर पहिलंही येत नव्हतं.

माझ्याकडे पानाची डावी बाजू. भात, आमटी, मासे काकीचे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर माझी. काकीचा कायदा एकच. "डावी बाजू विकत हाडूची नाय. घरात आसा ता काप." आणि माणूस पाटावर टेकायच्या आत ती पानावर पडली पाहिजे. तोंड चालू झालं की माणूस भाताची वाट बघत नाही. हे काकीला कोणी शिकवलं माहीत नाही, पण खरं आहे. लग्नात करून बघा.

*

पहिल्याच वर्षी गाडीतून मुंबईचा एक पँटवाला उतरला. पाटावर बसला, पण गुडघे कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. मला म्हणाला, "सॅलड आहे का?"

मी काकीकडे बघितलं. काकीने तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण गिऱ्हाइकाला 'ता काय?' म्हणून विचारील तर ती काकी कसली?

"आज संपला," ती म्हणाली. "बाबल्या, तेंका कोशिंबीर वाढ."

तवसं कोचवून ठेवलंच होतं. तवसं म्हणजे पावसाळी मोठी काकडी. आम्ही ती झावळीत बांधून वाशाला टांगतो, महिनोन्महिने टिकते. त्यात ओलं खोबरं, मिरची, लिंबू, बस. गड्याने तीनदा मागितली. उठताना म्हणाला, "बाई, याला आम्ही सॅलड म्हणतो."

काकी मला आत नेऊन हळूच म्हणाली, "भुकेलो माणूस कशाकय कायय म्हणता. तू आयकान घे."

*

कोशिंबिरीत मीठ कधी घालायचं यावरून माझी आणि मास्तरांची रोज जुंपायची. मास्तर म्हणजे तिठ्यावरचे पेन्शनर. दुपारचं जेवण कायम आमच्याकडे, कोपऱ्यातल्या पाटावर. मीठ आधी घातलं तर काकडी पाणी सोडते, उशिरा घातलं तर चव लागत नाही. माझी रीत अशी: गाडीने वळणावर हॉर्न दिला की मीठ. वळणापासून दारापर्यंत गाडीला दोन मिनिटं लागत. बरोबर बसायचं.

एकदा हॉर्न वाजला, मी मीठ मारलं. बाहेर बघतो तर चिऱ्यांचा ट्रक. गाडी आली तासाभराने, तिचीच काहीतरी मोडतोड होऊन. तोवर परातीत कोशिंबीर पोहायला लागली होती. मास्तर चष्म्यावरून बघून म्हणाले, "बाबल, होडी घालू का?"

काकीने मला कोपराने बाजूला सारलं. पाणी टाकलं नाही. त्यातच ताक ओतलं, मोहरी-मिरचीची फोडणी दिली आणि पहिल्या विचारणाऱ्याला ठणकावून सांगितलं, "ही सावंतवाडीची रीत."

पंगतीत सावंतवाडीची एक बाई बसली होती. मी म्हटलं, आता संपलं. बाईने दोन घास खाल्ले, विचार केला आणि शेजारणीला म्हणाली, "आमच्याकडे अशीच करतत. पण इतकी पातळ नाय."

*

आता गोविंद ड्रायव्हर. त्या गाडीवर कायमचा. चांगला माणूस, पण सोमवार कडक. सोमवारी अंड्याकडेही बघायचा नाही. त्याचं पान वेगळं वाढायचं, हे काकी मला दर सोमवारी सकाळी सांगायची.

आषाढातली गोष्ट. घरात भाजीचं पान नाही. डब्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी होती, त्यांचं किसमूर केलं. सुंगटं निखाऱ्यावर भाजायची, हाताने चुरायची, खोबरं, कांदा, तिखट आणि वरून कोकमाचं आगळ. चार मिनिटांचं काम. वास असा की मेलेला उठून बसेल. मी धावत सगळ्या पंगतीला वाढत सुटलो.

गोविंदाने अर्धं पान संपवलं. मग हात थांबला. "बाबल्या, आज वार खंयचो?"

मास्तर लोणचं बघायला लागले.

"आता आंघोळ केल्याशिवाय मी स्टेअरिंगाक हात लावचंय नाय," गोविंद म्हणाला आणि विहिरीवर गेला. पॅसेंजर पाणी ओढतायत, कंडक्टर टॉवेल धरून उभा, आणि गोविंद एकेक कळशी डोक्यावर घेतोय. गाडीतून एक म्हातारी ओरडली, "अरे झिला, पुरे कर. देवाक कळला नाय, तो खंय तुझ्या पंगतीक होतो?"

गाडी पाऊण तास लेट. डेपोत आमच्या नावावर पहिला ठपका. पुढच्या सोमवारी गोविंदाचं पान काकीने स्वतः वाढलं. त्यापेक्षा दोन कानफटात परवडल्या असत्या.

*

समोरचा तेवढ्यात पुढे सरकला. त्याने फळीवर खडूने लिहिलं, 'येथे ताजे टोमॅटो मिळतील.' आमच्याकडे तेव्हा टोमॅटो म्हणजे अप्रूप. लोक वळून वळून वाचायचे. मलाही झोप लागेना. काकीला म्हटलं, "आपण पण हाडूया." काकी म्हणाली, "घरात पिकतत काय?" विषय संपला.

त्याचे टोमॅटो यायचे बेळगावहून, आणि शेवटचा टप्पा आमच्याच परतीच्या गाडीने. एक दिवस टोपलीवर कोणीतरी लोखंडी ट्रंक ठेवली. तिठ्यावर टोपली उतरवली तर खालून धार. गोविंदाने खिडकीतून मान काढून हाक मारली, "शेटानू, तुमची कोशिंबीर तयार होवन इली. मीठ तेवढा घाला."

*

दुसरा ठपका माझ्या तोंडामुळे. कबूल करतो.

देवगडचा एक बागायतदार जेवायला बसला. मी कैरी किसून, गूळ आणि मोहरी लावून वाढली होती. झाडाखाली पडलेली कैरी, दुसरं काय. हा चाखून म्हणतो, "ही देवगडची न्हय." मी म्हटलं, "तुमी आसात ना देवगडचे? मगे झाला." तो उठला. म्हणाला, हा माफी मागेपर्यंत मी गाडीत चढणार नाही. मी म्हटलं, मी मागणार नाही. कंडक्टर म्हणाला, पॅसेंजर सोडून गाडी हलवता येत नाही, पॅसेंजर मोठा आहे. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. समोरचा आपल्या दारात उभा राहून दात कोरत बघतोय.

काकी बाहेर आली. त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, तो शिकलेलो नाय, तेका माफी मागूक येणा नाय. तुमी शिकलेले दिसतास. गाडीत बसा."

तो बसला. पण ठपका लागायचा तो लागला.

*

मग डेपोतून निरोप आला. साहेब स्वतः गाडीत बसून येणार, घड्याळ लावून बघणार. वीस मिनिटांत गाडी सुटली तर थांबा काकीकडे राहील, नाहीतर समोर. समोरच्याने त्या दिवशी सकाळी खुर्च्या धुतल्या. काकी चुलीशी बसेना. उंबऱ्यात जायची, परत यायची, परत जायची. मी तेच करत होतो, म्हणून आम्ही दोनदा एकमेकांवर आपटलो.

गाडी आली ती चक्क पाऊण तास आधी. मागे साहेब बसलेत म्हणून गोविंदाने वाटेत कुठे विडीलाही थांबवली नव्हती. चुलीवर तांदूळ नुकते वैरलेले. आमटीला कढ नाही. मासे अजून टोपलीत.

काकीने चुलीकडे बघितलं. मग मला म्हणाली, "डावी वाढ."

"आणि उजवी?"

"डावीच वाढ मेल्या. पान भरासर."

घरात होतं नव्हतं ते काढलं. कांदा-खोबरं. कैरी-गूळ. तवसं. उद्यासाठी भिजवलेले मूग. दह्यात केळी. उकडून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या ठेचून, वर कच्चं तेल आणि मिरची. कांदा-खोबऱ्यात दडपलेले पोहे, पोटाला आधार म्हणून. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा पाटावरून उठले आणि नारळ खवायला बसले. बोट कापलं, तरी खवत राहिले. डावी बाजू पानाच्या मध्यापर्यंत आली आणि तिथून पुढे उजवीकडे गेली.

"भात खंय?" कोणीतरी विचारलं.

"येता," काकी म्हणाली. "आधी ह्या संपवा."

साहेब पहिल्या पाटावर. डाव्या हातात साखळीचं घड्याळ, उजवा हात पानात. आधी दर घासाला घड्याळ बघत होते. मग दोन घासांनी. कैरीला पोचले तेव्हा बघायचं राहून गेलं.

अठराव्या मिनिटाला गोविंद उठला. हात धुतले, मिशी पुसली, कोणाकडे न बघता गाडीत जाऊन बसला. कंडक्टरने घंटी मारली. लोक भराभरा उठले, पोटं भरलेली होती. साहेब आठळ्या निपटत होते. हॉर्न झाला. गाडी सुटली, वळली आणि दिसेनाशी झाली.

साहेब पाटावर तसेच. तिकीट नव्हतं, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबी ते पॅसेंजर नव्हतेच. उठायला गेले, पायाला मुंग्या. परत बसले.

काकी भाताचं तपेलं घेऊन पुढ्यात उभी राहिली. "साहेबानू, किती मिन्टा झाली?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. रिकामा रस्ता बघितला. रस्त्यापलीकडे समोरचा धुतलेल्या खुर्च्यांमध्ये उभा होता, त्यालाही बघितलं.

"वीस," ते म्हणाले.

"मगे आता सावकाश जेवा. दुसरी गाडी चाराक आसा."

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं आणि मान माझ्याकडे वळवली.

"ती कैरीची," म्हणाले, "अजून आहे का?"