ओझं वाहणाऱ्याचे खांदे

आक्कामावशी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सरळ विचारायची, "बाई, महिन्याला किती दिस जातं गं तुला?" आवाज दबवणं तिला जमतच नसे. पुढच्या बाकावरचे फेटेवाले एकदम खिडकीबाहेर बघू लागत, त्या बाईचा पदर तोंडावर जाई आणि मला, कॉलेजात जाणाऱ्या तिच्या भाचीला, पुढच्याच थांब्यावर उतरून चालत जावंसं वाटे. पण तासगाव यायच्या आत ती बाई मावशीच्या कानाशी लागलेली असे. उतरताना मावशी तिला बजावायची, "हे अंगावर काढू नगंस. सांगलीला ये. हळदीच्या पेठेत तोलाराचं घर कुनीबी दावंल."

ती माझ्या आईची थोरली बहीण. आई तिला आक्का म्हणे, म्हणून माझी ती आक्कामावशी. माझं बारसं व्हायच्या आतच आई गेली. वडील लोणंदला रेल्वेत होते, त्यांनी दुसरं लग्न केलं आणि मावशी मला उचलून सांगलीला घेऊन आली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, हळदीच्या अडतीत पोती तोलायचे. माझा मावसभाऊ सदा हे त्यांचं एकुलतं एक मूल. चौघांचा संसार दोन खोल्यांत चालायचा आणि घरातल्या चादरींनासुद्धा हळदीचा वास यायचा.

मावशी पहिल्यापासून अशी उघड बोलणारी नव्हती. आमच्या आजोळी रक्ताचा विषयच कुणी काढत नसे. माझा मामा दात काढल्याचं निमित्त होऊन ऐन तरुणपणी गेला. त्याला 'बाहेरचं' झालं असं सांगायचं ठरलं. माझी आई 'बाळंतरोगानं' गेली. सदाचा गुडघा वरचेवर सुजून टंब व्हायचा, तेव्हा तो 'पडला' म्हणायचं. घराण्यात लग्नाच्या मुली होत्या, त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून हे झाकलं होतं. मावशीही झाकत होती.

त्या मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी सदाचा गुडघा असा सुजला की त्याला पाय जमिनीला टेकवेना. सांगलीच्या एका दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मावशीनं आणि मी त्याला दोन्हीकडून धरून तिथं नेलं. बाईंनी गुडघा बघितला, मग घरातल्या एकेकाची चौकशी केली. मामाचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा हिमोफिलिया दिसतोय," त्या म्हणाल्या. "रक्त गोठायला जे लागतं ते याच्या रक्तात फार कमी आहे. हा आजार मुलग्यांना होतो, पण येतो आईकडून. अशा आईला आम्ही वाहक म्हणतो."

मावशीनं दाराआड पाय लांब करून बसलेल्या सदाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे मीच दिलं व्हय ह्याला?"

"तुम्हाला तुमच्या आईकडून आलं. जाणूनबुजून कुणी देत नसतं, आक्का."

सदाला पट्टी बांधायला नेलं. आम्ही उठणार, तोच बाई म्हणाल्या, "आणि तुमचं काय?"

"माझं? मला काय हुतंय?"

"महिन्याला किती जातं? बाळंतपणानंतर काय झालं होतं? दात काढलाय कधी?"

मला वाटतं, तिच्या उभ्या आयुष्यात हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. ती आधी माझ्याकडे बघत अडखळली आणि मग बोलत सुटली. महिन्यातले कितीतरी दिवस घोंगडं अंथरून त्यावरच बसायचं, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. सदाच्या वेळी खाटेवरून चार महिने उठता आलं नव्हतं. जरा कुठं आपटलं की मांडीवर काळानिळा डाग उठायचा. सासूनं 'आळशी' म्हणून नाव ठेवलं होतं. "आन मला बी तसंच वाटायचं," मावशी म्हणाली, "की आपुनच जरा कामचुकार हाय."

बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "वाहक बायकांना स्वतःला काही त्रास होत नाही, असंच आम्ही शिकलो," त्या म्हणाल्या. "पण काहींच्या रक्तातही ते कमी असतं, आणि त्यांना फार जपावं लागतं. तुम्ही त्यांतल्या असाव्यात."

"आन माझी भन? ही शालन झाली आन तिचं रगत थांबलंच न्हाई."

"आता खात्रीनं नाही सांगता येणार. पण असू शकतं." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "हिलाही ते आलं असेल किंवा नसेल. इथं तपासायची सोय नाही. मुंबईला नमुना पाठवता येतो, पण त्यातूनही नक्की कळेलच असं नाही. हिचं बाळंतपण मात्र घरी करू नका."

घरी येताना मावशी कृष्णेच्या घाटावर उतरली. सदाला पायरीवर बसवून तिनं तोंडावर पाणी मारलं. ती रडत होती की नाही ते त्या पाण्यात कळलं नाही. वर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "झाकून ठिवलं म्हनून गेली माझी भन. आता न्हाई झाकायचं."

आणि खरंच तिनं झाकलं नाही. नात्यातल्या प्रत्येक घरी ती गेली आणि मुलीबाळी असलेल्या प्रत्येक बाईला समोर बसवून तिनं सांगितलं. काही घरांतून चहासुद्धा न मिळता बाहेर पडली. एका चुलत दिरानं तिला अडवलं, "आवं वैनी, रोग बाप्यास्नी हुतोय. बाया नुसत्या वाहत्यात, असं डाक्टरीणच म्हनली न्हवं?" मावशी म्हणाली, "भावजी, तुमी मार्केटात हमाल बघितल्यात न्हवं? पोतं दुसऱ्याचं असतंय, पर वाहणाऱ्याचं खांदं दुखतच न्हाईत व्हय?" दीर उठून आत गेला. त्याची बायको आमच्या आजोळच्याच नात्यातली; ती मात्र दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं विचारायला आली.

माझं लग्न ठरायची वेळ आली. वाळव्याकडचं उसाचं घर होतं, मुलगा शिकलेला होता, मलाही तो पसंत होता. बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं सुरू झालं आणि आतल्या दारात उभी असलेली मावशी बाहेर आली. बायकांनी बैठकीत बोलायची रीत नव्हती. "पोरगी सोन्यासारखी हाय," ती म्हणाली, "पर तिच्या रक्तात एक खोट असंल. नसंल बी. असंल तर बाळंतपणात जिवाला धोका हाय, आन पोटी ल्योक आला तर त्याला बी हुईल. हे ऐकून मग सुपारी फोडा." पाहुण्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

ते गेल्यावर काका तिच्यावर कडाडले. "त्वांड बंद ठिवाय काय झालं हुतं तुला?"

"त्वांड बंद ठिवूनच आपुन हिच्या आयला मारली," ती म्हणाली. काका टोपी घालून बाहेर निघून गेले. पुढं कित्येक दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मीही धड बोलत नव्हते. तिनं आम्हा दोघांनाही रोज वेळेवर वाढलं, पण एकदाही 'चुकलं' म्हणाली नाही.

त्यानंतर दोन स्थळं तशीच आली आणि तशीच गेली. मग साताऱ्याचं आलं. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुलगा सरकारी कचेरीत कारकून. मावशीनं तेच, तसंच सांगितलं. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मग बंदोबस्त काय करायचा, ते सांगा."

मावशीला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ती क्षणभर गोंधळली. मग बोटांवर मोजत म्हणाली, "बाळंतपण सांगलीच्या दवाखान्यात. दंडात सुई टोचायची न्हाई, डोकं दुखलं म्हनून भलती गोळी द्यायची न्हाई. आन ताजं रगत देनारी मानसं हाताशी पायजेत."

"माणसं माझ्याकडं लागली," सुभेदार म्हणाले. नवऱ्या मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला मंजूर हाय का रं?" त्यानं मान हलवली. लग्न ठरलं.

माझे दिवस भरत आले तेव्हा 'माणसं हाताशी पाहिजेत' या शब्दांचा खरा अर्थ कळला. त्या काळी रक्त द्यायचं म्हटलं की धट्टेकट्टे पैलवानगडी वाट चुकवून जायचे. आमच्या नात्यातल्या कुणाला नेमका ताप होता, कुणाची कोर्टात तारीख होती. मावशीनं स्वतःचा हात पुढं केला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आक्का, तुमच्याच अंगात नाही, तर हिला काय देणार?" मावशी तडक साताऱ्याला गेली आणि सुभेदारांच्या ओसरीवर बसून म्हणाली, "आवं सुभेदार, शबूद दिला हुता तुमी."

चारच दिवसांत सुभेदार आपल्या पलटणीतले जुने सोबती घेऊन सांगलीत हजर झाले. सगळे पिकल्या मिशांचे, पण अंगानं ताठ. रक्त जुळतं का ते तपासून झाल्यावर जुळणारे तिथंच राहिले. घाटाजवळच्या धर्मशाळेत त्यांनी तळच ठोकला. सकाळी कृष्णेत आंघोळ, दुपारी पत्ते, संध्याकाळी दवाखान्यात हजेरी. मावशी दोन्ही वेळा त्यांना भाकरी पोचवायची. "तुमाला लय ताटकळत ठिवलं," ती म्हणायची. त्यांतले एक हवालदार हसून म्हणायचे, "वाट बघायचाच तर पगार खाल्ला आमी, ताई."

मुलगी झाली आणि सुखरूप झाली. दवाखान्यात आनंदीआनंद झाला. सासूबाई म्हणाल्या, "मुलगी म्हंजे सुटलो बाई!" मावशीनं बाळाला मांडीवर घेतलं, टाळूला तेल लावलं आणि म्हणाली, "सुटलो न्हाई. हिला बी शानी झाल्यावर सांगाय लागंल. तवर आपुन जपायचं."

मला घरी न्यायची सगळ्यांना घाई झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही दिवस राहू दे, धोका मागाहूनही येतो. काकांना ते उगाच लांबण वाटत होतं. हवालदारांची सुगीची कामं खोळंबली होती. मावशी खाटेपाशी पाय रोवून उभी राहिली. "डाक्टरीणबाई 'जा' म्हनल्याबिगर न्हेनार न्हाई. ज्याला जायचं त्यानं जावं." कुणीच गेलं नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मला रक्तस्राव सुरू झाला. मला आठवतं ते थोडंच आहे. कानांत घोंघावत होतं, हातपाय गार पडत होते आणि मावशीचा चेहरा अगदी जवळ होता. "डोळं मिटू नगंस, शाले. माझ्याकडं बघ." बाहेर धावपळ झाली. धर्मशाळेतले पत्ते तसेच टाकून ती म्हातारी फौज रांगेनं आत आली आणि एकेकानं बाही वर केली. हवालदारांना सुई बघूनच घेरी आली. त्यांना बाकावर आडवं करून त्यांचं रक्त घेतलं. दिवेलागणीला स्राव आटोक्यात आला. बाई घाम पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घरी असती तर हाती लागली नसती." मावशी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तिला उठवायला दोघांना यावं लागलं.

तिच्या अंगात उरलंच होतं किती! डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा तपासलं आणि सांगितलं की रक्तवाढीच्या गोळ्यांनी भागत नाही, आता गर्भपिशवी काढावी लागेल. शस्त्रक्रियेत धोका होता आणि तसंच राहण्यात त्याहून मोठा होता. जगाला बजावणारी मावशी स्वतःच्या वेळी मात्र टाळाटाळ करू लागली. आधी सदाच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाचं बघू, मग हळदीचा हंगाम संपू दे. शेवटी मी बाळाला सासूबाईंपाशी ठेवून साताऱ्याहून आले आणि तिच्यासमोर बसले. "मावशी, माझ्या आईला कुणी विचारलं नाही. मी तुला विचारतेय. कधी यायचं दवाखान्यात?"

"सोमवारी," ती म्हणाली.

त्या सोमवारी सुभेदारांची माणसं आली होतीच. पण रक्त द्यायच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं, टोपी काखेत धरून आणि बाही दंडापर्यंत दुमडून काका उभे होते. मावशीला त्यांच्यासमोरून आत नेलं. "तुमी कशाला? पोती कोन तोलनार उद्या?" ती म्हणाली.

"गप जा आत," काका म्हणाले.

तिला सावरायला बरेच महिने लागले, पण ती सावरली. पुढं ती गेली ती म्हातारपणी, झोपेत, छातीच्या दुखण्यानं. रक्ताच्या आजाराला तिनं आपल्या घरातलं आणखी माणूस नेऊ दिलं नाही. तिची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढं तिच्या शस्त्रक्रियेनंतरचा हिवाळा येतो. ती माझ्याकडे साताऱ्याला राहायला आली होती. एके सकाळी म्हणाली, "त्यो किल्ला बघू की गं." मी लेकीला कडेवर घेतलं आणि आम्ही अजिंक्यताऱ्याची वाट धरली. ती मधे बसेल म्हणून मी पाण्याचा तांब्या आणि सतरंजी बरोबर घेतली होती. ती कुठंच बसली नाही. वर दरवाजापाशी पोचल्यावर तिनं खाली पसरलेलं गाव बघितलं, छातीवर हात ठेवला आणि चकित होऊन म्हणाली, "शाले, आत्ता कळलं गं. बाकीच्या बाया येवढी कामं कशी उरकत्यात ते."

मग माझ्या लेकीला माझ्या कडेवरून आपल्या कडेवर घेऊन ती पुढची चढण चढू लागली.