काचमावशीच्या पिकअपमधली डबी

पहाटेपासून बोचरा वारा सुटला होता, आणि वाऱ्याच्या दिवशी गाडीवर काच चढवायची म्हणजे वैताग. माणसाएवढी काच हातात धरली की वारा तिला पतंगासारखी ओढतो. मावशीने एका टोकाला काचेवर रबरी वाट्या दाबून बसवल्या, दुसऱ्या टोकाला हिरामामाने. "मी हो म्हणेपर्यंत हलायचं नाही," ती म्हणाली. हिरामामा मुकाट्याने उभा राहिला. गेली अकरा वर्षं रोज सकाळी हेच वाक्य ऐकत आला होता बिचारा.

हिरामामा म्हणजे काचेच्या दुकानात काच कापणारा. काच कापायची हिऱ्याची लेखणी तो कानावर खोचून फिरायचा, जेवतानासुद्धा, म्हणून हिरामामा. आणि मावशी म्हणजे त्या दुकानाची काच पोचवणारी, स्वतःच्या डिझेल पिकअपमधून. सगळे तिला काचमावशी म्हणायचे. रस्त्यावरचे ड्रायव्हर मात्र तिला सावकाशबाई म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं.

पिकअप मुळात नवऱ्याची. एकोणीस वर्षं त्याने काच वाहिली, शेवटची काही या गाडीतून, मग पाठ गेली. सीटवर बसला की कमरेत कळ यायची ती थेट टाचेपर्यंत. म्हणून मावशीने स्टिअरिंग हातात घेतलं. नवऱ्याने तिला गाडी शिकवली त्यापेक्षा जास्त ऐकायला शिकवलं. पिकअपच्या मागच्या भागात तिरकी लोखंडी चौकट, तिला दोन्ही बाजूंनी उभ्या काचा टेकवलेल्या, मध्ये कागद, वरून जुनी ब्लँकेटं आणि दात्यांच्या कळीने आवळायचे पट्टे. केबिनच्या मागे सरकती छोटी खिडकी. ती खिडकी बारा महिने उघडी ठेवायची. काचा नीट आवळलेल्या असल्या की सगळ्यांचा मिळून एक जाड आवाज येतो, झोपलेल्या माणसाच्या घोरण्यासारखा. पट्टा सैल पडला की त्यात बारीक टिकटिक मिसळते. टिक ऐकू आली की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, पट्टा आवळायचा. दिवसातून दोनदा लागो नाहीतर दहादा, उतरायचं म्हणजे उतरायचं. अकरा वर्षांत मावशीच्या हातून वाटेत एकही काच गेली नव्हती.

त्या वाऱ्याच्या सकाळी शेठ दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. हा काही वाईट माणूस नव्हता, पण काही अवघड बोलायचं असलं की खिशातल्या किल्ल्या वाजवायचा. आज किल्ल्या वाजत होत्या. चढणीवर नवी शाळा बांधून होत आली होती, तिच्या सगळ्या खिडक्यांचं काम त्याला मिळालं होतं. काच बसवणारी माणसं दुपारी बाराला जेवायला बसत, त्याआधीच काच उतरवून घेत आणि उठली की हातात काच हवी म्हणत. म्हणजे रोज दोन खेपा, दुसरी बाराच्या आत. मावशीची दुसरी खेप पोचेपर्यंत सव्वाबारा होत. शेठने तिला आठवडा दिला. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरी पिकअप लावावी लागेल. आणि एकदा दुसरी गाडी लागली की पुढे काय होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

सगळा वेळ खायची ती चढण. भरलेल्या पिकअपला तिथे बावीस मिनिटं लागत. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि ओलांडून जाताना प्रत्येक जण वळून बघणार की हे लोढणं चालवतंय तरी कोण. बाई दिसली की आणखी एक हॉर्न.

हे सगळं संध्याकाळी घरी निघालं, आणि नेमका जावई जेवायला आला होता.

जावयाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. माणूस गुणी, पण कुठल्याही गोष्टीचं झाकण उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लग्न ठरलं त्या दिवशी त्याने सासरचा बंद पडलेला मिक्सर खोलला होता. मिक्सर आजतागायत बंदच आहे, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मावशीचं बोलणं ऐकता ऐकता त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, आई, याच्यावर उपाय आहे. चिप लावू.

चौथ्या दिवशी तो घेऊनच आला. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, तिला दोन वायरी. बॉनेट उघडून त्याने मन लावून समजावलं. इंजिनात डिझेल किती दाबाने जातं हे गाडीचा कॉम्प्युटर सतत बघत असतो. ही डबी मध्ये बसते आणि कॉम्प्युटरला सांगते की दाब कमी आहे. मग तो आपला वाढवत राहतो. तेच इंजिन, तेच डिझेल, ताकद मात्र जास्त.

नवरा दारात खुर्ची टाकून बसला होता. "म्हणजे खोटं सांगायचं त्याला," तो म्हणाला.

"बाबा, इंजिनलाच तर सांगायचंय," जावई हसला. "शेठला नाही."

खरं म्हणजे मावशीला ते आवडलं नव्हतं. पण आठवड्यातले चार दिवस गेले होते, आणि जावयाने स्वतःच्या खर्चाने आणलेली वस्तू नको म्हणायची कशी? मुलगी कौतुकाने आपल्या नवऱ्याकडे बघत उभी होती. डबी बसली.

आणि खोटं कशाला बोला, पहिल्या दिवशी चढण बारा मिनिटांत संपली. मावशीला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच रस्त्याला लागलो. एका टेम्पोला तिने ओलांडलं, आणि ओलांडताना तीही वळून बघून आली. दुसरी खेप बाराला पाच कमी असताना पोचली. शेठने फोनवर शाबास म्हटलं. झाली मजा ती एवढीच.

दुसऱ्या दिवसापासून डोक्याला ताप सुरू झाला. चढणीवर पाय जरा दाबला की मागून काळा धूर, असा की स्कूटरवरचा एक जण सिग्नलला शेजारी येऊन थांबला आणि आपला काळा झालेला चेहरा तिला नुसता दाखवून निघून गेला. धूर मागच्या खिडकीतून केबिनमध्ये यायला लागला. मावशी खोकून खोकून बेजार झाली आणि तिने खिडकी सरकवून बंद केली. क्लचला जळका वास यायला लागला. अकरा वर्षं तिच्या पायाला माहीत होतं की कुठल्या वळणावर किती दाबायचं. आता तेवढंच दाबलं की गाडी दणका देऊन पुढे झेपावायची. पाय आखडता घेतला तर मागचे हॉर्न. आपलाच पाय परक्याचा वाटावा, असली ही तऱ्हा.

वर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनच्या चित्राचा. संध्याकाळी जावई आला, मोबाइल लावून दिवा घालवला. सकाळी दिवा परत हजर. संध्याकाळी परत घालवला. त्याला विचारावं तर उत्तर तयार असायचं. दिवा? सेन्सर जरा नाराज आहे. वास? नवीन आहे, जाईल. आणि बॉनेटखालून टिकटिक येते ती? ती डबी प्लास्टिकच्या पट्टीने बांधलीय ना, ती हलते. नॉर्मल आहे.

तिसऱ्या दिवशी अर्ध्या चढणीवर गाडीतलं अवसानच गेलं. मावशीने पाय तळापर्यंत नेला तरी पिकअप रडतखडत चालली. सायकल हातात धरून चढणारा एक म्हातारा तिच्या बाजूने चालत पुढे गेला आणि जाता जाता म्हणाला, बाई, ढकलू का? दुसरी खेप पोचली पाऊण वाजता. काच बसवणारे जेवून, झोपून, उठून बसले होते. जावयाने मोबाइलमध्ये बघून सांगितलं की इंजिनने स्वतःला वाचवायला ताकद कमी केली. आई, तुम्ही पाय जास्त दिलात.

मावशीच्या तोंडाशी आलं होतं, पण जावई म्हटल्यावर गिळावं लागलं. तिने ते सगळं भांडी घासताना काढलं. नवरा बाहेरून म्हणाला, अगं, त्या कढईचा काय दोष? मग जरा थांबून त्याने विचारलं, "मागची खिडकी उघडी असते ना?"

"धूर येतो," ती म्हणाली.

तो पुढे बोलला नाही. तिला वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या हॉलच्या काचा होत्या. चारच, पण एकेक दाराएवढी. वारा पुन्हा सुटलेला. हिरामामाने पट्टे आवळले, मावशीने पुन्हा एकदा आवळले. चढणीच्या तिसऱ्या वळणावर पिकअपने दणका दिला आणि त्यानंतर टिकटिक सुरू झाली.

ती तिने ऐकली. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे. खिडकी बंद होती, इंजिन ओरडत होतं, तरी बारीक टिकटिक तिच्या कानात आली. अकरा वर्षांची सवय, पाय आपोआप ब्रेककडे गेला. आणि मग तिच्या मनात आलं की डबीच असणार ती. नॉर्मल आहे. थांबलं तर पाच मिनिटं जातील, मागचे हॉर्न मारतील, पुन्हा चढावर उचलताना क्लच जळेल, आणि दुसरी खेप बाराला पोचायची नाही. पाय ब्रेकवरून परत आला. उरलेली सगळी चढण ती टिकटिक तिच्याबरोबर होती.

शाळेपाशी पट्टा सोडला तर तो आधीच बोटभर सैल. ब्लँकेट बाजूला केलं. मधल्या एका काचेला खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत एकच तडा, केसासारखा. तिच्या दोन्ही बाजूंच्या काचांनाही तसेच तडे. चौथी तेवढी शाबूत. कामावरच्या मुकादमाने फोटो काढून शेठला पाठवला, तेव्हा मावशी अजून ब्लँकेट हातात धरून उभीच होती.

दुकानात परत येताना तिने खिडकी उघडली. मागे आवाज करायला आता काही नव्हतं, फक्त फडफडणारी ब्लँकेटं आणि त्या तीन तडकलेल्या काचा. बॉनेटखाली डबी टिकटिकत होती. नीट ऐकलं तर सैल पट्ट्याच्या टिकटिकीत आणि हिच्यात किती फरक! डबीची टिकटिक बसकी, प्लास्टिकची. पोराबाळांनाही कळला असता.

हिरामामा दारातच भेटला. हळूच म्हणाला, वारा होता म्हणा. वारा होताच की. मी सांगेन तसं.

शेठ आत किल्ल्या वाजवत बसला होता. वारा होता का, रस्ता उखडला होता का, असं त्याने स्वतःच विचारलं. त्यालाही काहीतरी कारण हवंच होतं.

"मला आवाज आला होता," मावशी म्हणाली. "मी थांबले नाही."

किल्ल्या वाजायच्या थांबल्या. मग तिने डबीचंही सांगितलं, धुराचं, खिडकीचं, सगळं. बोलताना तिला स्वतःचाच इतका राग येत होता की आवाज चढला, जणू चूक शेठचीच. शेठने तो चढू दिला. हिरामामा उगाचच एक काच पुसत राहिला.

"दुसरी खेप आता त्या दुसऱ्या पिकअपला द्यावीच लागेल, मावशी," शेठ शेवटी म्हणाला. "सकाळची तुमची. आणि हॉलच्या काचा पुन्हा कापून होतील, त्या तुम्हीच न्या. त्या पिकअपचा पोरगा गाडीत काच ऐकत नाही, गाणी ऐकतो."

म्हणजे अर्धं काम गेलं. अर्धं राहिलं असं हिरामामा म्हणाला, आणि मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की लेखणी कानावरून काढून तो कामाला लागला.

संध्याकाळी जावई मोबाइल घेऊन आला, नेहमीप्रमाणे दिवा घालवायला. झालेलं ऐकून त्याने मोबाइल खिशात घातला. म्हणाला, आई, डबीत नऊ पायऱ्या असतात, आपली सातवर आहे. पाचवर आणू. धूर जाईल.

"जावईबापू, काढा," मावशी म्हणाली.

"निदान एक दिवस पाचवर बघू..."

"उद्या सकाळी सात वाजता मला काच भरायचीय. तुम्ही काढता, की मी पकड घेऊन तोडू?"

स्वयंपाकघरात मुलीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. जावयाने बॉनेट उघडलं. कान लाल झाले होते त्याचे. डबी निघाली, वायरी जिथल्या तिथे लागल्या. जेवताना त्याने दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही, आणि आग्रह करायची मावशीला शक्ती नव्हती. जाताना डबी बरोबर न्यायला विसरला, की मुद्दाम विसरला कोण जाणे. नवऱ्याने ती उचलून फ्यूज आणि जुने बल्ब ठेवायच्या खणात टाकली. अख्खी संध्याकाळ तो "मी म्हणालो होतो" म्हणाला नाही. त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी चढणीला बावीस मिनिटं लागली. मागे रांग, हॉर्न, वळून बघणारी तोंडं. मावशीची खिडकी उघडी होती. अर्ध्यात एकदा टिक आली. ती उतरली, पट्टा दोन दाते आवळला, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या ऐकून घेतल्या आणि परत बसली. खाली उतरताना दुसरी पिकअप समोरून वर येताना दिसली, भरलेली, गाणी लावून, झपाझप. ड्रायव्हरने तिला हात केला. तिने केला नाही. मग वाटलं, त्या पोराने काय केलंय? आरशात बघितलं तोवर तो वळणापलीकडे गेला होता.

दुकानापाशी गाडी लावून तिने मागचा फाळका पाडला. काल तडकलेल्या काचा उतरवताना पडलेला चुरा अजून चौकटीच्या सांध्यांत होता, ब्लँकेटांच्या दशांत अडकलेला. तिने हातमोजे चढवले, बारीक ब्रशने सांधे झाडले, मग एकेक ब्लँकेट वाऱ्याच्या दिशेला धरून झटकायला घेतलं. हिरामामा मदतीला आला तेव्हा तिने दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि मी हो म्हणेपर्यंत सोडायचं नाही म्हणून सांगितलं.