वाटेतलं बंदर

क्रूझला कधी निघताय, असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो.

आज दुपारी आपल्या लातूरच्या ट्रॅव्हलवाल्याचा फोन आला. "सर, वाटेतल्या त्या देशातलं सरकार पडलंय, दंगली चालू हायत. बोट तिथं थांबणार न्हाई. बदल्यात दुसरं बंदर हाय, लई भारी."

मागं डॉलर वाढला म्हणून त्यानं जादा पैसे मागितले, तेव्हा मी मुकाट्यानं भरले होते. आज मात्र बुकिंग रद्द करायला सांगितलं. तो बुचकळ्यात पडला.

त्याला काय सांगणार? मला समुद्र बघायचाच नव्हता. रद्द झालेल्या त्या बंदराच्या गावात माझा मुलगा राहतो. सहा वर्षांत "बाबा, इकडं या" असं तो एकदाही म्हणाला नाही. बोट तिथं आठ तास थांबणार होती. वाटेतच होतं म्हणून आलो, एवढं म्हणता आलं असतं.

लगेच मुलाला फोन लावला. "आमच्या भागात शांत आहे, काळजी करू नका," म्हणाला. क्रूझचं मी बोललोच नाही.

शेजारच्या काकूंकडून त्याच्यासाठी करून घेतलेला येसर मसाला डब्यात तसाच आहे. तिकडचं निवळल्यावर तुमच्यापैकी कुणी जाणार आहे का? डबा तेवढा पोचवा. मुद्दाम आलो म्हणू नका, वाटेतच होतं म्हणा.