मोरीजवळचं भोक

उंदरांचा बंदोबस्त करणारे पुष्कळ असतात. औषध टाकायचं, मेलेले दोन शेपटीला धरून दाखवायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर, असा त्यांचा खाक्या. पेन्सिलमास्तर त्यातले नव्हते. ते इमारतीत शिरले की कानावरची पेन्सिल काढून जमिनीवर पालथे पडत आणि भिंतीच्या कडेची एकेक फट तपासत. पेन्सिल गेली की पिल्लू जाणार, अंगठा गेला की त्याची आई, असं बजावत ते भोकात तारेची घासणी कोंबत आणि वर सिमेंट थापत. मग कचऱ्याच्या डब्यांना झाकणं नाहीत म्हणून सगळ्यांना फैलावर घेत. लोक वैतागत, पण उंदीर जात.

मास्तरांच्या आईला या लेकाचा कोण अभिमान. तळमजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दारात बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, माझ्या लेकाच्या घरात उंदराची पाऊल टाकायची छाती नाही. तिच्या स्वतःच्या पावलांना मात्र मधुमेहाने काही कळेनासं झालं होतं. पायातून चप्पल निसटली तरी तिला पत्ता नसे.

त्याच घरात मोरीजवळ पाइप भिंतीतून आत येतो, तिथलं सिमेंट निखळलं होतं. बायकोने तीनदा सांगितलं. दिवसभर दुसऱ्यांची भोकं बुजवून आलेले मास्तर रविवारी करतो म्हणाले. रविवार आले नि गेले. शेवटी तिनेच चिंधी कोंबली. चिंधीने उंदीर अडत नाही हे जगाला शिकवणारे मास्तर तिला हसले आणि जेवायला बसले.

मग एकाएकी आई मोजे घालू लागली. पाय गार पडतात म्हणाली. म्हातारी पायांना जपायला लागली म्हणून मास्तरांना बरंच वाटलं. आठव्या दिवशी सकाळी तिच्या अंगात ताप भरला आणि खोलीत कुजका वास सुटला. मास्तर सवयीने गुडघ्यांवर बसले आणि पलंगाखाली मेलेला उंदीर शोधू लागले. ते कोपरे हुंगत असताना बायकोने सासूचा मोजा ओढून काढला. अंगठा काळा पडला होता. टोक कुरतडलेलं होतं.

"बोलली का नाहीस?" मास्तरांनी पलंगाखालून मान वर काढत विचारलं.

"मला कुठे दुखत होतं," आई म्हणाली. "आणि लोक काय म्हणाले असते रे तुला?"

दवाखान्यात डॉक्टरांनी कशाने झालं विचारलं. आई मास्तरांकडे बघत राहिली. मास्तरांच्या तोंडून निघालं, काच लागली. "उंदीर चावलाय," बायको मागून म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याच दुपारी मास्तरांनी घरी येऊन मोरीजवळचं भोक बुजवलं. एवढंसं काम, चहा निवायच्या आत झालं.

आई घरी आल्यावर शेजारीण भेटायला आली. काच लागली हो, आई सांगत होती, नशीब, दुसरं काय. मग आवाज चढवून म्हणाली, "पण घर बघा. लेकाने कसं कडेकोट बंद ठेवलंय. एक उंदीर दाखवा मला."

मास्तर दारातच उभे होते. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि ते कामाला निघून गेले.