चैतालीचं नवं नाक

चैताली माझी पाठची बहीण. कात्रजच्या आमच्या आळीत तिच्यासारखी पोरगी दुसरी नाय. मी भाऊ हाय म्हणून नाय सांगत, कुणालाही विचारा. माझं शिक्षण आठवी, तिचं बारावी. बुधवार पेठेत लायटिंगच्या दुकानात ती काउंटरला असते. माणूस बल्ब घ्यायला येतो आन् झुंबर घेऊन जातो.

दिवाळीनंतर एकदा स्कूटीवरनं घरी येताना रस्त्यात लोंबकळणारी केबल तिच्या तोंडावर आली. नाकाचा शेंडा गेला. आम्ही बॅटरी घेऊन शोधला, सापडला नाय.

हॉस्पिटलात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कपाळाची कातडी खाली वळवून नाक करू. मी म्हणलं, "माझं कपाळ घ्या. मोठं हाय."

"दुसऱ्याची कातडी टिकत नाही हो."

"मी दुसरा नाय, थोरला हाय."

मॅडमनी चैतालीकडं बघितलं. तोंडाला पट्टी होती तरी ती बोलली, "तो असाच हाय. तुम्ही माझंच घ्या."

ऑपरेशन झालं. नव्या नाकाला रक्त मिळावं म्हणून कातडीचा एक पट्टा भुवईपासून नाकापर्यंत जोडलेलाच ठेवला होता. नाकावर माशी बसली की चैताली कपाळ झटकायची, तिला माशी तिथंच जाणवायची. आई तोंड फिरवून हसायची, मग रडायची.

चैतालीनं स्कार्फ बांधला. पुण्यात सगळ्याच पोरी नुसते डोळे उघडे ठेवून गाडी चालवतात, रस्त्यात कुणाला काय कळणार? पण ही घरातसुद्धा सोडेना. घास स्कार्फच्या खालनं आत जायचा.

पुढं तो पट्टा कापला, टाके निघाले. मॅडम म्हणाल्या, आता कामावर जा. त्याच संध्याकाळी दुकानाच्या संभाजीशेठचा फोन आला.

"चैताली, उद्यापासून तू आत गोडाऊनमध्ये बस. माल मोजायला माणूस पाहिजेच हाय."

मी म्हणलं, "त्याला बघतोच."

"तू नको, दादा. तू गेलास तर गोडाऊनपण जायचं."

मग ती बराच वेळ आरशासमोर बसली. आम्ही टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दुकानावर सोडलं. शटर वर गेलं तशी ती स्कार्फ सोडून काउंटरला उभी राहिली. शेठ म्हणाले, "अगं, आत..."

"आत गिऱ्हाईक येत नाय, शेठ."

तेवढ्यात शनिवार पेठेतले एक नेहमीचे काका आले. चष्मा वर करून त्यांनी तिला नीट बघितलं. शेठ हलेनात. मीपण.

"कपाळाला काय झालं?"

"तिथली कातडी नाकाला लावली, काका."

काकांनी मग नाक बघितलं. "बरं बसलंय. माळ दाखवा. मागची दोन दिवसात गेली."

चैतालीनं माळ काढली, लावून दाखवली, आन् वर एक झुंबरही दाखवलं. शेठ उठले आन् माल मोजायला स्वतःच आत गेले.