मांडीवरची फुली

लस टोचल्यावर लोकांना काय काय होतं ते बघायची नोकरी मी जन्मभर केली. सरकारी कागदावर या कामाचं नाव इतकं लांब होतं, की ते वाचून संपेपर्यंत आजारी मूल बरं होऊन शाळेत जायला लागायचं. प्रत्यक्षात काम एवढंच, की तक्रार आली की लुना काढायची, त्या घरी जायचं, चपला बाहेर काढायच्या आणि पुणेकराकडून ऐकून घ्यायचं.

लशीने काय काय होऊ शकतं हे मी सदाशिव पेठेत शिकलो. लशीने दूध नासतं. मोरीतला नळ गळायला लागतो. एका गृहस्थांचा चिरंजीव बीजगणितात गटांगळ्या खात होता, तर ते त्याच्या पाळण्यातल्या डोसाचा जाब विचारायला आले. एका बाईंनी लेखी कळवलं, की देवी टोचून घेतल्यापासून यजमानांचं घोरणं वाढलं आहे. पूर्वी ते सुसह्य होतं. मी सगळ्यांकडे गेलो. घोरणाऱ्या यजमानांच्या उशाशीसुद्धा बसलो. कारण असल्या ढीगभर वेडगळ तक्रारींत एखादी खरी असते, आणि ती नजरेतून सुटली तर मूल जातं. आजच्या हकिगतीत मीठमसाला न लावता सांगितलेलं हे एकच वाक्य आहे, ते नीट वाचून घ्या.

तर, पेठेतल्या कॉर्पोरेशनच्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या. त्यांनी "पुढचं बाळ!" अशी हाक दिली की लक्ष्मी रोडवरची माणसंसुद्धा आपापली बाळं उचलायची. त्यांचं घराणं शनिवार पेठेतलं, जुनं मुसलमान घराणं; वडिलांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. वडिलांची नजर गेल्यापासून घर सिस्टरांच्या पगारावर चाललेलं. टोचलेलं बाळ त्या अर्धा तास बाकावरून हलू द्यायच्या नाहीत. एकदा एक वकील म्हणाले, "सिस्टर, मला कोर्टात जायचंय." सिस्टर म्हणाल्या, "आपण निघा की. बाळाची आज तारीख नाही." वकील बसले.

आणि मग त्या प्राध्यापकांच्या नातवाचं प्रकरण झालं.

प्राध्यापक रसायनशास्त्राचे, निवृत्त. गावात अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यान असलं की अध्यक्षाच्या खुर्चीत तेच. व्याख्यान नसलं की वर्तमानपत्राला पत्र. त्यांचा विज्ञानावर इतका विश्वास, की विज्ञानालाच अधूनमधून संकोच वाटत असावा. त्यांच्या नातवाला सिस्टरांनी घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची त्रिगुणी लस टोचली आणि काही दिवसांत बाळाच्या मांडीवर काळे फोड आले. दुसऱ्या दिवशी पत्र छापून आलं: दवाखान्यात सुया उकळत नाहीत. पेठेत आग लागली. ज्यांच्या घरात मूल जन्मून एक पिढी लोटली होती, तेही दवाखान्यापुढे येऊन ओरडले. एकाने सिस्टरांचं आडनाव विचारून घेतलं आणि सगळा उलगडा झाल्यासारखी मान डोलावली. त्या मानेबद्दल मला जे वाटलं ते छापत नाहीत.

टोचणं बंद झालं आणि चौकशीला तीन मोठे डॉक्टर नेमले. इतके मोठे, की आजाऱ्याला हात लावायची सवय तिघांचीही सुटलेली. त्यांनी प्राध्यापकांच्या घरी जाऊन कांदेपोहे खाल्ले आणि ठरवलं, की दोष सिस्टरांचा. सोमवारी त्यांना घरी बसवायच्या हुकमावर सही व्हायची होती.

मी समितीच्या प्रमुखांना फोन केला. "बाळ पाहिलंत?"

"पाहिलं ना. झोपलेलं होतं. दुपारची वेळ."

"आणि मांडी?"

"मांडीही झोपलेलीच होती. दुपट्यातून कडेचे फोड दिसले, पुरेत. अहो, प्राध्यापक स्वतः केमिस्ट्रीचे आहेत. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा?"

सिस्टर दवाखान्यात रिकाम्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुया उकळत नाही म्हणतात! सर, इतक्या उकळते, की पातेल्यात पत्ती टाकली तर अख्खी पेठ चहा पिऊन जाईल." मग आवाज उतरला. त्यांचा उतरलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "अब्बांना अजून सांगितलं नाही. सोमवारी काय सांगू, सुट्टी आहे म्हणून?"

रविवारी चार वाजून गेल्यावर मी प्राध्यापकांकडे गेलो. चारच्या आधी त्या घराचं दार उघडायला भूकंप लागला असता, तोही ओळखीचा.

"आपण?" प्राध्यापक म्हणाले. "समिती येऊन गेली."

"समिती आपल्याला भेटून गेली. मी मांडीला भेटायला आलोय."

सूनबाई बाळ घेऊन आल्या. मी दुपटं बाजूला केलं, आणि सांगतो, मला हसू आवरेना. बाळ रडत नसतं तर मी गडाबडा लोळलो असतो. मांडीवर फुली होती. चांगली ठसठशीत, वहीत चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात तशी. दोन रेघांवर ओळीने फोड आणि भोवती काळपट डाग. मी लशीने ताप आलेला पाहिलाय, गाठ आलेली पाहिलीय, रात्रभर किंचाळणारी बाळं पाहिलीत. पण फुली काढणारी लस? असली साक्षर लस अजून कुठल्या कारखान्यात निघालेली नाही.

तो बिब्बा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, हे काळं टणक फळ काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. सुईला टोचून दिव्यावर धरलं की काळं तेल सुटतं, आणि सुजेवर त्या तेलाची फुली मारायची आपल्याकडे जुनी रीत. त्याने रेड्याचीही कातडी सोलून निघेल. हे तर पाळण्यातलं बाळ. टोचल्या जागी साधी गाठ आली असणार. गार पाण्याची घडी ठेवली असती तर आपोआप विरली असती.

पण बिब्बा मारला कुणी? सूनबाई फरशीकडे बघत होत्या. प्राध्यापकांच्या सौ. माझ्याकडे बघत होत्या. प्राध्यापक उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून छताकडे बघत होते.

मी पिशवीतून सिरींज काढली. कॉर्पोरेशनच्या कोंडवाड्यातल्या म्हशींसाठी ठेवलेली होती, दिसायला सायकलच्या पंपाची थोरली बहीण.

"समितीचं म्हणणं खरं असेल," मी गंभीरपणे म्हणालो, "तर घाणेरड्या सुईची लागण घरभर पसरली असणार. मग घरातल्या सगळ्यांना उताऱ्याची सुई. कमरेत. ज्येष्ठांपासून सुरुवात. काकू, या आपण."

"मला कशाला?" काकू कडाडल्या. "यांना टोचा! यांनीच लावला बिब्बा! मी म्हणत होते गार पाणी लावू, तर म्हणे, तुला विज्ञान कळत नाही!"

प्राध्यापकांचा हात खिशातून बाहेर आला. अंगठ्यावर लिंबाएवढा फोड. बिब्बा लावणाऱ्यालाही सोडत नाही.

दुसरा एखादा माणूस इथे शरमला असता. प्राध्यापकांनी घसा साफ केला. "त्यात फीनॉल वर्गातली द्रव्यं असतात. त्वचेवर त्यांची प्रतिक्षोभक क्रिया होते. याला शास्त्रीय आधार आहे."

"आणि फुली?"

"सर्वत्र समान वितरण व्हावं म्हणून."

मी या नोकरीत भुताखेतांवर विश्वास ठेवणारे पुष्कळ पाहिले. ते बरे. विचारलं की सरळ सांगतात, हो, उतारा टाकला. पण आधी बिब्बा लावायचा, मग त्याला फीनॉल म्हणायचं, आणि फोड आले की एका बाईची नोकरी मागायची, एवढी मजल मारायला उच्च शिक्षणच लागतं.

प्राध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "आपण सुज्ञ आहात. उद्या मी तक्रार मागे घेतो. लशीचा सौम्य दोष म्हणून विषय मिटवा, बिब्ब्याचा उल्लेख नको. माझं गावात नाव आहे."

"सिस्टरांचंही होतं. आपण ते छापून घालवलंत."

"त्यांना दुसरीकडे बदली देता येईल की."

"बाबा," मागून सूनबाई म्हणाल्या. त्या घरात त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकला, आणि प्राध्यापकांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही. "उद्या मी बाळाला घेऊन समितीपुढे जाते. मांडी जागी असेल."

त्या गेल्या. समितीने शेवटी दुपटं उघडलं. तिघांनी फुलीकडे बराच वेळ पाहिलं, नव्या ताऱ्याचा शोध लागावा तसं. मग प्रमुख म्हणाले, "आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच." अहवालात 'घरगुती स्थानिक उपचार' असं लिहावं, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, बिब्बा लिहा. वाचणाऱ्याला कळू द्या, नाहीतर पुढच्या बाळालाही लावतील. सूनबाई तिथून हलेनात आणि बाळ रडायचं थांबेना, तेव्हा कुठे तो शब्द कागदावर उतरला. हुकमावर सही झाली नाही. सिस्टरांना कळवायला मी लुना अशी हाणली, की डेक्कनपासून पुढे चाकं जमिनीला लागल्याचं मला आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मग उभे काय राहिलात? कुलूप काढा लशीच्या कपाटाचं. घटसर्प काय समितीची वाट बघत थांबलाय?"

वर्तमानपत्रात प्राध्यापकांचं आणखी एक पत्र आलं. नागरिकांच्या जागरूकतेमुळे यंत्रणा कशी सुधारते, हा विषय होता. बिब्बा त्यात नव्हता. दिलगिरी कुठे असेल म्हणून मी पत्र उलटं धरूनही वाचलं.

मांडी पूर्ण बरी झाल्यावर सूनबाई दुसऱ्या डोसाला बाळ घेऊन आल्या. प्राध्यापक सोबत आले होते, पण दाराबाहेर पायरीवर उभे, आपण दुसऱ्याच कामाला आलोय अशा थाटात.

"सर, बाहेर कशाला?" सिस्टरांची हाक बहुधा पर्वतीवर ऐकू गेली. "आत या. बाळाची मांडी धरा. घट्ट धरा."

धरली. सुई गेली, बाळाने टाहो फोडला, सुई आली.

"पुन्हा गाठ आली तर?" प्राध्यापकांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तर इथे आणा. आपण काही करू नका. जमेल ना आपल्याला, काही न करणं?"

मग त्यांना नातवासकट बाकावर बसवलं, पुरा अर्धा तास. तेवढ्यात त्यांनी शेजारच्या बाईंना लस शरीरात नेमकं काय कार्य करते ते पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितलं. चुकीचं सांगितलं.