बोडीवरची पोल्ट्री

आमच्या चामोर्शीकडे धानाला पाणी द्यायला शेतात बोडी, म्हणजे छोटं तळं, असतं. माझ्या बोडीवर मी लाकडी बल्ल्या रोवून कोंबड्यांचं शेड बांधलं. जाळीतून विष्ठा खाली पाण्यात पडायची, मासे त्यावर पोसायचे. एका जागेत दोन धंदे, म्हणून मी गावात शहाणपणा मिरवत फिरायचो. आभाळ आलं की मानमोडीचा रोग येईल या भीतीने कोंबड्यांच्या पाण्यात औषधाची पिवळी पावडर कालवायचो. आजार असो नसो. माप विचाराल तर मूठ! उरलेलं पाणी बोडीतच ओतायचो.

गेल्या वर्षी वहिनी त्याच बोडीतला मागूर मासा साफ करत होती. काटा तिच्या बोटात घुसला. दुसऱ्या दिवशी बोट टम्म सुजलं, ताप चढला. भाऊ कामासाठी तेलंगणात, म्हणून गडचिरोलीच्या दवाखान्यात मीच तिला नेलं. मासा, बोडी, वरचं शेड, सगळं ऐकून डॉक्टरांनी मला विचारलं, "कोंबड्यांना काही औषध देता का?"

"नाई जी," मी म्हणालो.

का? तर शेजारच्या खाटेजवळ आमच्या गावची दोन माणसं बसली होती. पावडरची गोष्ट गावात गेली असती तर माझे मासे कोणी घेतले नसते. वहिनीच्या बोटापेक्षा मला माझी पत मोठी वाटली.

तीन दिवस सलाईनमधून औषध चाललं आणि बोट काळं पडत गेलं. मग पुवाचा रिपोर्ट आला. जंतूंवर ते औषध लागूच पडत नव्हतं, ते त्याला सरावले होते. औषधाचं नाव वाचलं, माझ्या पावडरच्या पुडीवरचंच होतं. औषध बदललं, हात वाचला. अर्धं बोट कापावं लागलं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला वहिनी सांगायची, "भाऊजी होते मनून हात वाचला माया." मी मान खाली घालायचो. बायांना वाटायचं, किती साधा माणूस.

शेवटी एका दुपारी ती तांदूळ निवडत असताना मी पावडरचं आणि त्या खोट्याचं सांगून टाकलं. जंतू बोडीतलाच होता असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नव्हते, हेही जोडलं. तेवढी पळवाट ठेवलीच.

"पावडरीनं असं होते, हे तुमाले मालूम नव्हतं," ती म्हणाली. "पण डॉक्टरसायबानं इचारलं तवा तं सांगता येत होतं ना, भाऊजी? तवा काऊन नाई बोलले?"

पत हा शब्द तिच्यासमोर उच्चारायची मला लाज वाटली.